मज्जारज्जूची सूज, बर्फाची पिशवी आणि तेहतीस अंश

प्रश्न थोडक्यात असा आहे. २४ वर्षांचा भाचा रत्नागिरीजवळ आंबे उतरवताना झाडावरून पडला. मानेचा पाचवा मणका सहाव्यावरून सरकला. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात ऑपरेशन झालं. आज आठवा दिवस. खांदे उचलतो, कोपरं वाकवतो, बोटं आणि पाय हलत नाहीत. एमआरआयमध्ये मज्जारज्जूला सूज आहे असं सांगितलंय. मामांनी कुठेतरी वाचलं की अमेरिकेत अशाच एका खेळाडूला थंडगार सलाइन चढवून चालता केला. मग आपल्याकडे हे का केलं नाही, आता करता येईल का, आणि तोवर निदान मानेखाली-पाठीखाली बर्फाची पिशवी ठेवावी का?

मी भूलतज्ज्ञ आहे. मणक्याच्या ऑपरेशनांना भूल देण्यात आणि नंतर त्याच रुग्णांच्या आयसीयूत पंचवीसेक वर्षं गेली. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते आज रात्रीच लागणार आहे: बर्फ लावू नका. जेलची निळी पिशवीसुद्धा नाही, फडक्यात गुंडाळूनही नाही.

तुमच्या भाच्याला छातीपासून खाली स्पर्श कळत नाही. तुम्हाआम्हाला बर्फ पाच मिनिटांत टोचायला लागतो आणि आपण तो बाजूला करतो. त्याला तो तासभर टोचणार नाही. एका मुलाच्या आईने, केवळ मायेपोटी, रात्री माकडहाडाखाली अशी पिशवी सरकवून ठेवली होती. ‘सूज उतरेल’ असं कुणीतरी सांगितलं होतं. सकाळी कूस बदलताना सिस्टरला तळहाताएवढा पांढरट डाग दिसला, दोन दिवसांत फोड, आठवड्यात बेडसोर. त्या जखमेपायी मुलाला व्हीलचेअरवर बसवायलाच दोन महिने उशीर झाला. त्या माऊलीला आम्ही काय बोलणार? चूक आमची, आम्ही तिला आधी सांगितलं नव्हतं.

आणि एवढं करून थंडी आत पोचतच नाही. मानेच्या मागच्या त्वचेपासून मज्जारज्जूपर्यंत चरबी, स्नायूंचे थर, हाडाची कमान, जाड आवरण आणि पाणी, असं चार-पाच सेंटिमीटरचं अंतर असतं. त्या सगळ्यातून सदतीस अंशांचं रक्त अखंड वाहत असतं. वरून ठेवलेल्या बर्फाची थंडी ते रक्त वाटेतच धुऊन नेतं. त्वचा जळते, मज्जारज्जूला पत्ता लागत नाही.

मुरगळलेल्या घोट्याला बर्फ लावतो तोच न्याय इथे लावला जातो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. घोट्यात बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, पाणी कमी झिरपतं, दुखणं कमी होतं. मज्जारज्जूच्या बाबतीत वाहिन्या आकसणं म्हणजे संकटच. मानेतली मज्जारज्जू करंगळीएवढी जाड, भोवती हाडाची नळी. सुजली तर पसरायला जागा नाही. आतला दाब वाढतो, रक्त आत शिरायला धडपडतं, रक्त कमी मिळालं की पेशी आणखी फुगतात, दाब आणखी वाढतो. ही सूज पहिले तीन ते पाच दिवस चढती असते. म्हणून पडल्या दिवशी खांदा हलवणारा माणूस तिसऱ्या दिवशी कधीकधी तोही हलवत नाही, आणि नातेवाइकांना वाटतं की डॉक्टरांनी काहीतरी बिघडवलं.

मग डॉक्टर ज्या थंडाव्याबद्दल बोलतात तो कुठला? तो अख्ख्या शरीराचा: रक्ताचंच तापमान सदतीसवरून तेहतीसच्या आसपास आणायचं आणि तिथे एक-दोन दिवस धरून ठेवायचं. त्याचा मुख्य फायदा सुजेवर नाही, पेशींच्या भुकेवर होतो. तापमान एका अंशाने उतरलं की मेंदूची प्राणवायूची मागणी साधारण सहा-सात टक्क्यांनी उतरते. चार अंश म्हणजे जवळपास चतुर्थांश. घरात धान्य कमी असताना खाणारी तोंडं कमी झाली, असं समजा. मज्जारज्जूला मार बसतो त्या क्षणी काही पेशी मरतात, त्यांना कुणी परत आणू शकत नाही. पण त्यानंतर काही तास, काही दिवस शेजारच्या पेशी मरत राहतात. फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट, म्हणजे चेतापेशींमधले निरोप नेणारं रसायन, सांडतं, त्याने शेजारच्या पेशींचे दरवाजे उघडे राहतात, कॅल्शियम आत घुसतं, मागोमाग दाह येतो, रक्तवाहिन्यांच्या भिंती गळू लागतात. ही साखळी उष्णतेत वेगाने धावते आणि थंडीत मंदावते. उंदरांमध्ये हे अनेकदा दिसलंय. म्हणजे कल्पना भाकड नाही. प्रश्न माणसात, खऱ्या अपघातानंतर, खऱ्या वेळापत्रकात ती किती उतरते हा आहे.

आता तो खेळाडू. केव्हिन एव्हरेट, बफेलो बिल्स संघाचा. खेळ आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा अमेरिकन फुटबॉल. ९ सप्टेंबर २००७ रोजी डेन्व्हर ब्रॉन्कोजविरुद्धच्या सामन्यात तो प्रतिस्पर्ध्याला अडवताना डोक्याने आदळला आणि जागीच कोसळला. मानेचा तिसरा-चौथा मणका सरकला होता. संघाबरोबर असलेले मणक्याचे सर्जन अँड्र्यू कॅपुचिनो यांनी रुग्णवाहिकेतच थंड सलाइन सुरू केलं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं, स्टिरॉइड दिलं गेलं, नंतर शिरेत खास नळी घालून शरीर थंड ठेवलं गेलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लोकांनी त्याला चालताना पाहिलं. खेळायला मात्र तो परतला नाही. बातम्यांचे मथळे तुम्ही कल्पू शकता.

ही गोष्ट खोटी नाही, पण मथळ्यात न मावलेल्या दोन गोष्टी आहेत. एक, त्याची इजा खरोखर पूर्ण होती का, यावर एकमत नाही. मज्जारज्जूची इजा आम्ही ‘आसिया’ नावाच्या ए ते ई श्रेणींत मोजतो, ए सगळ्यात वाईट. हालचाल नाही, पण खालच्या भागात काही संवेदना शिल्लक आहे, ती आसिया-बी. हालचाल नाही आणि गुदद्वाराजवळही स्पर्श कळत नाही, ती आसिया-ए, पूर्ण इजा. बी आणि ए यांच्यात कागदावर एका अक्षराचं अंतर, आयुष्यात फार मोठं. बी गटातले बरेच रुग्ण थंडीशिवायही सुधारतात, काही चालतातही. दोन, मैदानावर सर्जन हजर होता, मान क्षणभरही चुकीची हलली नाही, काही तासांत मणका जागेवर आणून दाब काढला गेला. थंडी, स्टिरॉइड, वेळेवरचं ऑपरेशन आणि नशीब या चौघांनी मिळून त्या पोराला उभं केलं. त्यात थंडीचा वाटा किती, हे एका माणसावरून कुणालाच सांगता येत नाही. अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या संघटनांनीही त्या गदारोळात जाहीर निवेदन काढून हेच म्हटलं: या उपचाराच्या बाजूने किंवा विरुद्ध शिफारस करण्याइतका पुरावा नाही.

अमेरिकेतल्या मियामी विद्यापीठातल्या डॉक्टरांच्या गटाने पुढचं काम नेटाने केलं, त्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी मानेच्या पूर्ण इजेचे, म्हणजे आसिया-ए रुग्णच निवडले. मांडीच्या शिरेतून नळी घालायची, तिच्या फुग्यांतून थंड पाणी फिरवायचं, रक्त त्या फुग्यांना घासून जाताना गार होतं, पाणी रक्तात मिसळत नाही. ३३ अंशांवर ४८ तास, मग अगदी सावकाश गरम करायचं. पहिल्या १४ रुग्णांपैकी ६ जण निदान एका श्रेणीने सुधारले. २०१३ मध्ये ३५ रुग्णांचा अहवाल आला, त्यात १५ जणांची श्रेणी सुधारली, म्हणजे ४३ टक्के. आकडा मोठा वाटतो. पण त्याच अहवालात प्रामाणिकपणे लिहिलंय की त्यातले ४ जण पहिल्या चोवीस तासांतच ए-तून बाहेर आले होते. पहिल्या तासांत माणूस घाबरलेला, दारू प्यालेला, औषधांच्या गुंगीत किंवा ‘स्पायनल शॉक’मध्ये (इजेखालची मज्जारज्जू काही काळ पूर्ण गप्प पडते, त्या अवस्थेत) असतो. तपासणी चुकीची ‘पूर्ण’ निघू शकते. ते चौघे वगळले तर उरलेल्या ३१ पैकी ११. आणि मानेच्या पूर्ण इजेत नुसत्या नेहमीच्या उपचारानेही साधारण पाचातला एखादा श्रेणी ओलांडतोच. तेव्हा उरतो तो फरक आशा ठेवण्याइतका आहे, हॉस्पिटलला ‘तुम्ही हे का केलं नाही’ म्हणून जाब विचारण्याइतका नाही. चिठ्ठ्या टाकून, अर्ध्यांना थंडी आणि अर्ध्यांना नाही, अशी तुलनाही या अहवालांत नव्हती.

हे सगळं नवं आहे असंही नाही. १९६० च्या दशकात मॉरिस अल्बिन आणि रॉबर्ट व्हाइट यांनी प्राण्यांच्या जखमी मज्जारज्जूवर थेट गार सलाइन फिरवून पाहिलं. इजेनंतर चार तासांनी सुरू करूनही माकडं सुधारली. (हाच व्हाइट पुढे १९७० मध्ये एका माकडाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवून जगभर गाजला. मज्जारज्जू जोडणं त्यालाही जमलं नाही. ते माकड पाहू शकत होतं, चावू शकत होतं, पण मानेखाली लुळं.) त्यानंतर काही सर्जनांनी माणसांवरही ते केलं: मणक्याची मागची कमान काढायची, मज्जारज्जू उघडी करायची, तीवर तासन्‌तास थंड पाणी खेळवायचं. मोजके रुग्ण, प्रत्येकाची पद्धत वेगळी, बरोबर स्टिरॉइडही. काहींचं सुधारलं. पण ज्याचा मणका आधीच डळमळीत, त्याची मागची कमानही काढायची आणि तेही काही तासांच्या आत, हे हळूहळू मागे पडलं.

थंडी निर्विवाद कामाला येते अशी मज्जारज्जूची एक जागा मात्र आहे, आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. छातीतल्या महाधमनीला फुगा आला की सर्जनला ती धमनी चिमट्याने काही काळ बंद करावी लागते. खालच्या मज्जारज्जूला रक्त देणारी एक मोठी वाहिनी बहुतेकांत डावीकडून, छातीच्या शेवटच्या मणक्यांच्या आसपास निघते. चिमटा लागला की तिचं रक्त तुटतं आणि ऑपरेशन उत्तम होऊनही रुग्ण लुळे पाय घेऊन जागा होऊ शकतो. तिथे आम्ही आधीच शरीर चौतीसच्या आसपास उतरू देतो, पाठीतल्या नळीतून थोडं पाणी काढून दाब कमी ठेवतो. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९९० च्या दशकात एक पाऊल पुढे जाऊन मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बर्फाळ सलाइन सोडलं गेलं आणि भोवतालचं पाणी २६ अंशांच्या आसपास आणलं गेलं. या तऱ्हेच्या ऑपरेशनांत थंडी भुलेच्या सामानाचाच भाग आहे.

तिथे आणि इथे फरक एवढाच की तिथे दुखापत कधी होणार हे आम्हाला ठाऊक असतं. चिमटा सव्वादहाला लागणार असेल तर दहाला रुग्ण थंड असतो. आंब्याच्या झाडावरून पडणाऱ्या मुलाला तसं कुणी आधी थंड करून ठेवत नाही. तो पडतो, चौघे त्याला हातापायाला धरून टेम्पोत टाकतात, तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे होतो, तिथून जिल्ह्याला, तिथून घाट चढून कोल्हापूरला. तोवर साखळीचा बराचसा भाग धावून गेलेला असतो. टेम्पोतल्या त्या उचलाउचलीत जेवढं गेलं असेल, ते कुठल्याही यंत्राने भरून येत नाही. हा दोष तुमचा नाही. पण पुन्हा कुणी पडलं तर त्याला फळीवर सरळ ठेवा, मान दोन्ही बाजूंनी कपड्यांच्या गुंडाळ्यांनी धरा आणि १०८ ला फोन करा, हे वाडीत सांगून ठेवा.

शेजारच्या दुखण्यांतला अनुभव पाहिला तर मी आणखी सावध होते. हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या बेशुद्ध रुग्णांना थंड करावं, असं २००२ च्या दोन अभ्यासांनंतर जगभर रूढ झालं. आम्हीही केलं. २०२१ मध्ये अठराशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत ३३ अंशांवर ठेवलेले आणि नुसता ताप चढू न दिलेले, यांच्यात फरक दिसला नाही. डोक्याच्या गंभीर इजेत तर २०१५ च्या युरोपातल्या चाचणीत थंड केलेल्यांचीच अवस्था वाईट निघाली. जन्मताना गुदमरलेल्या बाळांना सहा तासांच्या आत ३३.५ अंशांवर तीन दिवस ठेवणं श्रीमंत देशांत खरोखर उपयोगी ठरलं. तेच भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर केलं तेव्हा थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. हा अहवालही २०२१ चाच. परदेशात चांगलं ठरलेलं इथे आहे तसं उचलता येत नाही, याचा इतका स्पष्ट धडा मला दुसरा आठवत नाही.

मी स्वतः थंड केलेल्या रुग्णांपैकी एकाचं सांगते. एव्हरेटची बातमी ताजी होती आणि आम्ही उत्साहात होतो. एकोणीस वर्षांचा मुलगा, उन्हाळ्यात विहिरीत सूर मारला, पाणी गुडघाभर. शिरेतली ती महागडी नळी आमच्याकडे नव्हती. फ्रिजमधलं सलाइन, काखेत आणि जांघेत बर्फ, अंगावर ओलं कापड आणि पंखा. त्वचेवर दर वीस मिनिटांनी नजर ठेवायला एक सिस्टर मुद्दाम नेमली होती. चौतीसला पोचायलाच पाच तास लागले. एक विचित्र दृश्य तेव्हा पाहिलं: मुलाचा जबडा आणि खांदे थंडीने थडथड कापत होते, आणि त्याखालचं सगळं शरीर दगडासारखं शांत. हुडहुडीचा निरोप तुटलेल्या जागेपलीकडे जातच नव्हता. रक्तातलं पोटॅशियम धोकादायक उतरून २.७ वर आलं, ते भरलं. मग गरम करताना आमचा हात सैल सुटला. रात्रीत तो दोन-अडीच अंश वर गेला, वाहिन्या सैलावल्या, रक्तदाब कोसळला, पोटॅशियम उलट चढलं. चौथ्या दिवशी न्यूमोनिया. मानेच्या इजेत खोकायची ताकद नसतेच, थंडीने पांढऱ्या पेशीही सुस्तावतात. तीन आठवडे व्हेंटिलेटर. शेवटी त्याला उजवं मनगट वर उचलता आलं, त्या जोरावर तो चमचा धरायला शिकला. ते थंडीमुळे की थंडी असूनही, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. पण ज्या रात्री त्याचा रक्तदाब साठावर होता, त्या रात्रीने त्याच्या मज्जारज्जूचं काय केलं असेल, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

म्हणून ‘का केलं नाही’ याचं उत्तर: कारण ते अजून नेहमीचा उपचार नाही. आणि करायचंच तर पहिल्या काही तासांत, नेमकं यंत्र, दर तासाला रक्ततपासणी आणि एकास एक नर्स असल्याशिवाय ते करू नये. आज आठव्या दिवशी? नाही. ज्या साखळीला मंद करायचं होतं तिचा धावता काळ संपलाय, सूज आपसूक उतरणीला लागली असणार. आता मिळेल तो फक्त थंडीचा त्रास.

याचा अर्थ भाच्याच्या सुजेवर काही उपचार झालाच नाही असा नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं ना, तो सुजेवरचा सगळ्यात थेट उपचार. हाडाचा दाब निघाला की त्या अरुंद नळीत सुजेला जागा मिळते. २०१२ च्या ३१३ रुग्णांच्या अभ्यासात चोवीस तासांच्या आत दाब काढलेल्यांपैकी जवळपास २० टक्के दोन किंवा अधिक श्रेणी सुधारले, उशिरा केलेल्यांत ९ टक्क्यांच्या आत. रत्नागिरीहून आलेल्या मुलाचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होणं ही त्या टीमची धावपळ आहे, हे मी आतून सांगते. दुसरी गोष्ट रक्तदाब. पहिला आठवडा सरासरी दाब मुद्दाम चढा ठेवतात, पूर्वी ८५-९० म्हणत, आता ७५-८० च्या खाली जाऊ नये आणि ९०-९५ च्या वर नको, असं म्हणतात. सुजलेल्या मज्जारज्जूत रक्त ढकलायचं तर मागून जोर हवा. शिरेतून सारखं चालणारं ते इंजेक्शन पाहून तुम्ही घाबरला होतात, ते बहुधा हेच. स्टिरॉइडचं विचाराल तर १९९० नंतर मोठ्या डोसाची लाट आली, मग जंतुसंसर्ग आणि पोटातले रक्तस्राव पाहून ती ओसरली. आता पहिल्या आठ तासांत आलेल्यांना चोवीस तास देण्याचा पर्याय काहीजण वापरतात, काहीजण अजिबात नाही. दोघांनाही चूक म्हणता येत नाही.

तापमानाचं खरं काम तुमच्यासमोर अजून आहे, फक्त ते उलट बाजूने आहे: ताप चढू द्यायचा नाही. ज्या मियामीत थंडीवर काम झालं तिथेच उंदरांवर हेही दिसलं की इजेनंतर तापमान साडेएकोणचाळीसवर नेलं तर मज्जारज्जूचं नुकसान वाढतं. आणि मानेच्या इजेत ताप फार सहज चढतो. आपलं शरीर गरम झालं की घाम येतो, त्वचेच्या वाहिन्या उघडतात. या दोन्हींचे हुकूम मज्जारज्जूतूनच खाली जातात. ती वाट तुटली की छातीखाली घामच येत नाही. माणूस सरड्यासारखा होतो, भोवती जेवढी उष्णता तेवढं अंग. मे महिन्यात एसी नसलेल्या वॉर्डात अशा रुग्णाचं तापमान दुपारी १०२ आणि पहाटे ९८ असं मी कितीदा पाहिलंय. कुणीतरी अँटिबायोटिक बदलतं, आणि खरा उपाय पलंग खिडकीपासून हलवणं हा असतो. उलटही घडतं. एसीच्या झोताखाली पातळ चादरीत ठेवलेला मुलगा ९४ वर गेलेला असतो, आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तो कुडकुडत नाही.

पण ताप उष्णतेचाच, असं ठरवून मोकळं होऊ नका. आधी छाती, लघवी, ऑपरेशनची जखम, सलाइनची जागा आणि पायातली रक्ताची गुठळी, ही पाचही पाहून व्हायला हवीत. तुमच्या डॉक्टरांना मी असते तर हे विचारलं असतं: आज त्याची आसिया श्रेणी काय आहे आणि गुदद्वाराजवळचा स्पर्श तपासलाय का? तापमानाचा तक्ता चढउतार दाखवतो की चढताच आहे? गुठळी होऊ नये म्हणून पोटातलं इंजेक्शन सुरू झालंय का? खोकला काढायला फिजिओ दिवसातून किती वेळा येतात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘स्पर्श कळतो’ असं आलं, तर तुमच्या भाच्यासाठी ती कुठल्याही थंड नळीपेक्षा मोठी बातमी असेल.

पुढे पुनर्वसनाचं नाव आतापासूनच काढा. मुंबईला हाजीअलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, दिल्लीला वसंत कुंजमधलं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर आहे, वेल्लोरला सीएमसीचा विभाग आहे. फौजेतला कुणी असेल तर पुण्याजवळ खडकीचं केंद्र. जागा मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज हॉस्पिटलमधूनच करा.

आणि घरी नेताना छपराकडे पाहा. पत्र्याचं घर असेल तर त्याची खोली उत्तरेची किंवा झाडाच्या सावलीतली निवडा, पत्र्यावर नारळाच्या झावळ्या टाका. कुंड्यांवर फवारायची साधी बाटली आणि पंखा जवळ ठेवा. घाम त्याला येत नाही, तो तुम्ही बाहेरून द्यायचा: दुपारी हातापायावर साध्या पाण्याचा फवारा आणि वर पंखा, पाणी सुकलं की पुन्हा. फ्रिजमधलं पाणी नको. काही आठवड्यांनी स्पायनल शॉक ओसरला की तीव्र गारठा, तुंबलेली लघवी, अडकलेली शौच, यांतलं काहीही रक्तदाब एकदम भडकवू शकतं. डोकं फुटल्यासारखं दुखतं, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो. असं झालं तर त्याला आडवा करू नका. उठवून बसवा, पाय खाली सोडा, घट्ट कपडे सैल करा आणि सगळ्यात आधी लघवीची नळी पिळवटली आहे का ते पाहा. बहुतेक वेळा तीच असते. नळी मोकळी करूनही दुखणं थांबलं नाही, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.